जमिनीखालच्या फुगवट्याला खुणा किती?



माठ घेताना आपण तो बोटानं वाजवून पाहतो. तडा असला तर आवाजच सांगतो. जमिनीखाली दीड किलोमीटरवर काय आहे, तेही असंच आवाजावरून ओळखतात.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात आज शेतं आहेत. 37-38 कोटी वर्षांपूर्वी तिथं उथळ, उबदार समुद्र होता. स्पंजासारखे जीव आणि प्रवाळ यांचे सांगाडे साचत साचत चुनखडीचे उंचवटे झाले. पुढे ते चिखलाखाली गाडले गेले आणि त्यांच्या छिद्रांत तेल साठलं.

इंपिरियल ऑइल कंपनीनं पश्चिम कॅनडात तेलासाठी लागोपाठ 133 विहिरी खोदल्या, सगळ्या कोरड्या. मग लेड्यूक गावाजवळ भूकंपलहरींची पाहणी झाली. यात जमिनीत लहान स्फोट करतात आणि खालच्या थरांवरून आवाज किती वेळात परततो, ते यंत्रानं टिपतात. कागदावर एक फुगवटा दिसला. 13 फेब्रुवारी 1947 रोजी तिथं तेल लागलं. त्याच वर्षी दुसरी विहीर खालच्या प्राचीन प्रवाळखडकापर्यंत पोचली.

असा खडक ओळखायचा कसा? सतरंजीखाली वरवंटा राहिला तर सतरंजी तिथं उंच दिसते ना? तसंच भोवतीचा चिखल दबतो, कडक चुनखडी तेवढी दबत नाही. म्हणून वरचे थर तिच्यावर पांघरल्यासारखे वाकतात. बाजूचे थर तिच्या कडेला येऊन संपतात. तिच्या पोटात मात्र सरळ रेघा दिसत नाहीत.

पण आवाज फसवतोही. चुनखडीतून तो जास्त वेगानं जातो, लवकर परततो. त्यामुळे तिच्या खालचा सपाट थरसुद्धा उंचावलेला भासतो. म्हणून जाणकार एकाच खुणेवर विसंबत नाहीत.

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात 1974 साली तेल लागलं, तेही चुनखडीत आणि अशाच पाहणीनंतर.

आपण गटाचं कर्ज काढून बोअर मारतो. पाणाड्यानं जागा दाखवली की मशीन येतं. बोअर कोरडा गेला तरी हप्ता चुकत नाही. पाणी शोधायची यंत्रं वेगळी, पण प्रश्न तोच: या जागेला दुसरी खूण कोणती? शेजारच्या विहिरींना पाणी किती खोल आहे? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारलं का? बैठकीत बोअरसाठी अर्ज आला की आधी एवढं विचारा, मगच सही करा.