हिरड्यांतील रक्त : उपेक्षा नको
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



संमेलनाच्या आनंदात दंतरोगाचा विषय काढणे काहींना अरसिकपणाचे वाटेल. परंतु घरोघरी आढळणारी आणि घरोघरी झाकून ठेवली जाणारी ही व्याधी असल्याने कुटुंबीय मंडळींसमोरच तिचा विचार होणे इष्ट आहे.

दात घासताना रक्त दिसले की आपण ब्रश दूर ठेवतो. घासण्यामुळेच रक्त आले, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. दात व हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा चिकट थर नित्य साचतो. तो न निघाल्यास हिरडी सुजते आणि यत्किंचित स्पर्शानेही रक्त टाकते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए व त्यांचे सहकारी यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे थांबवावयास सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला. स्वच्छता पुन्हा सुरू होताच सुमारे आठवड्यात तो ओसरला. तात्पर्य, रक्त येते म्हणून घासणे सोडू नये. मऊ ब्रशने, हळुवारपणे, दोन वेळा घासावे. रात्रीचा वेळ तर कदापि चुकवू नये.

साचलेला थर कठीण झाला की त्याचे कीटण बनते. ते ब्रशने निघत नाही. दंतवैद्याकडूनच काढवून घ्यावे लागते. त्याने दात सैल होतात, ही भीती निराधार आहे. दात सैल होतात ते उपेक्षेमुळे. कारण दाह खोल गेल्यास दातांचा आधार असलेले हाड झिजते व ते आपोआप भरून येत नाही.

मिश्री लावणाऱ्या भगिनींना नम्र विनंती, की मिश्री हा भाजलेला तंबाखूच होय. तिने हिरड्या बळकट होत नाहीत. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग दडून राहतो, हेही बंधूंनी ध्यानी घ्यावे. मधुमेहात हा विकार बळावतो आणि विकार बळावल्यास रक्तातील साखर आवरणे कठीण जाते. गरोदरपणातही हिरड्या लवकर सुजतात. त्या काळात दातांची सफाई करून घेण्यास प्रत्यवाय नाही. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आवळा, पेरू अवश्य खावेत. जेम्स लिंड यांनी १७४७ साली संत्री व लिंबे देऊन खलाशांचा रक्तपितीचा विकार, ज्यात हिरड्या सुजून रक्ताळतात, बरा होतो हे दाखविले. परंतु आवळ्याने कीटण निघत नाही!

नियमित घासूनही दोन आठवड्यांत रक्त न थांबल्यास दंतवैद्यास दाखवावे. रक्त आपोआप वाहू लागले, अंगावर निळे-काळे डाग उठले, ताप वा अशक्तपणा आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. क्वचित तो रक्ताच्या गंभीर विकाराचा इशारा असतो.

शेवटी एक सूचना. विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाबरोबरच पुढील संमेलनात सर्वांच्या दंततपासणीची व्यवस्था मंडळाने करावी. वडीलधाऱ्यांना आपल्या पंगतीत सुखाने भाकरी चावता यावी, याहून मोठा सन्मान कोणता?