बिनब्रेकचा स्वार

श्रोतेहो, जत्रेतला ‘मौत का कुआँ’ आपल्या पेण-रोह्याकडच्या माणसाला नवा नाही. फळ्यांच्या उभ्या भिंतीवर फटफटी गरगर फिरते आणि वर कठड्याला टेकलेल्यांचा श्वास अडकतो. परदेशात याच जातकुळीचा, पण शर्यतीचा एक खेळ आहे. त्याचं नाव स्पीडवे. त्यातल्या एका स्वाराची ही गोष्ट.

या खेळातली गाडी ५०० सीसीची, गिअर एकच आणि ब्रेक नाहीच! मातीच्या लंबगोल मैदानात चार स्वार चार फेऱ्या मारतात. मिनिटाभरात निकाल. ब्रेक का नाही? पुढच्यानं अचानक दाबला, तर मागचे त्याच्यावर आदळतील म्हणून. मग वळणावर काय करायचं? मागचं चाक मुद्दाम घसरू द्यायचं, वळण डावीकडे असताना पुढचं चाक उजवीकडे धरायचं आणि डाव्या बुटाच्या लोखंडी तळाचा आधार घ्यायचा. सगळा ताबा मुठीत.

या खेळाचा बादशहा आयव्हन मेजर. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च गावात १९३९ साली जन्मला. १९५७ मध्ये, सतराव्या वर्षी, तरुण पत्नीसह इंग्लंडला पोहोचला. लंडनच्या विम्बल्डन संघात त्याचा जम बसेना. हात हलवत परतावं लागलं. पण पोरानं नाद सोडला नाही. १९६३ मध्ये तो पुन्हा इंग्लंडला गेला आणि न्यूकॅसलच्या संघात रुजला.

विश्वविजेतेपद मिळालं १९६८ साली, म्हणजे पहिल्या खेपेनंतर अकरा वर्षांनी. पुढे १९६९ आणि १९७० लाही तोच पहिला. सलग तिसऱ्यांदा जिंकलास तर तुझी गाडी सोन्यानं मढवू, असं दोन अमेरिकी चाहत्यांनी म्हटलं होतं. त्यांनी शब्द पाळला! १९७२, १९७७ आणि १९७९ ही आणखी तीन वर्षं त्याचीच. शेवटच्या वेळी तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. २०१८ मध्ये तो गेला.

मला कवीला यात मोलाचं वाटतं ते एवढंच, की ज्याच्याकडे ब्रेक नाही त्याला स्वतःच थांबा व्हावं लागतं. वृत्तात लिहिणाऱ्याला हे कळेल. या खेळात स्वार पडला, तर इंजिन आपोआप बंद व्हावं म्हणून त्याच्या मनगटाला दोरी बांधलेली असते. मैदान बंदिस्त असतं, समोरून कोणी येत नाही, डोक्यावर हेल्मेट असतं.

आपल्या वडखळपासून कोलाडपर्यंतच्या महामार्गावर यातलं काय आहे? समोरून ट्रक येतो, कडेनं शाळेची मुलं चालतात. तिथे एका चाकावर गाडी उचलणाऱ्या पोराला आपण कौतुकानं ‘डेअरिंगबाज’ म्हणतो. पोरांनो, गाडीला ब्रेक आहे, तो वापरा. वेगाची हौस असेल तर मैदान मागा. आणि आम्ही थोरांनीही तुमच्यासाठी ते मागायला हवं. घरी उंबऱ्यात वाट पाहणाऱ्या आईला सोन्याची गाडी नको असते, दारात थांबलेल्या गाडीचा आवाज हवा असतो.