काट्याला पासंग आहे का?



आम्ही डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलो, वक्ते नव्हे. पण घरी बेळगावात खाऱ्या पाण्याची मासोळीपेटी ठेवल्याचे मंडळींना कळले आणि ‘त्यावर बोला’ असा आग्रह झाला.

समुद्र घाटाखाली, गोव्यात. त्यामुळे आम्ही शुद्ध पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम खास मीठ मिसळून समुद्र घरीच तयार करतो. त्याचा पीएच 8.1 ते 8.3 असावा लागतो. 7 म्हणजे ना आम्ल ना अल्क, त्यावर अल्क. पीएच मोजतो तो काचेच्या टोकाचा प्रोब. तो पाण्यात बुडालेलाच असतो आणि आकडा दाखवत राहतो.

तीन वर्षांपूर्वी आकडा 7.8 वर आला. आम्ही घाबरून दोन दिवस पीएच वाढवणारी पावडर घातली. आकडा हलेना, म्हणून आणखी घातली. तिसऱ्या सकाळी क्लाउन फिशची जोडी तळाशी पडलेली. धाकटी लेक दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

निपाणीचे आमचे मेहुणे तंबाखूच्या वखारीत वाढलेले. त्यांनी सगळे ऐकून एकच विचारले, “दाजी, काट्याला पासंग आहे का ते बघितलंत काय?”

बघितले नव्हते. मग प्रोब 10 च्या बफर द्रावणात बुडवला, तर आकडा 9 आला! 7 च्या द्रावणात मात्र बरोबर 7. म्हणजे प्रोब म्हातारा झाला होता. 7 पासून जितके दूर जावे तितका कमी दाखवत होता. पाणी 8.2 होते, अगदी निरोगी. दोष मापात होता आणि औषध आम्ही पाण्याला दिले.

तेव्हापासून आमचा नेम असा. महिन्यातून एकदा कॅलिब्रेशन. प्रोब शुद्ध पाण्याने धुवायचा, मऊ कागदाने टिपायचा, पुसायचा नाही. आधी 7 चे द्रावण, मग 10 चे. आपले पाणी या दोहोंच्या मधले, म्हणून 4 चे लागत नाही. वापरलेले द्रावण परत बाटलीत ओतायचे नाही. 10 ची बाटली उघडी राहिली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तीच उतरते, मग खरे कशाला म्हणायचे? टोकावर चुन्याचा पांढरा थर दिसला तर थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवून धुवायचा. प्रोब काढून ठेवायचा असेल तर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात. कोरडा नाही, डिस्टिल्ड पाण्यातही नाही.

बदलायचा केव्हा? 25 अंश तापमानाला नवा प्रोब 7 आणि 10 या द्रावणांमध्ये सुमारे 178 मिलिव्होल्टचा फरक दाखवतो. तो 150 च्या खाली गेला, किंवा आकडा स्थिर व्हायला मिनिटे लागू लागली, की मोह सोडायचा. वर्ष-दोन वर्षे हेच त्याचे आयुष्य. नव्याच्या वायरीवर तारीख लिहून ठेवायची.

गेल्या गणपतीत संध्याकाळी पुन्हा आकडा 7.9 वर आला. लेक म्हणाली, “बाबा, पावडर?” आम्ही आधी बफर काढले. या वेळी प्रोब चोख निघाला. मग घराकडे पाहिले. आरतीला तीस माणसे आणि पावसामुळे खिडक्या बंद. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरला होता. खिडक्या उघडल्या, पंखा लावला. दुसऱ्या दुपारी आकडा 8.2. पावडरचा डबा उघडलाच नाही.

पेटीत आता क्लाउनची नवी जोडी आहे. लेकीने द्रावणांच्या बाटल्यांवर चिठ्ठी लावली आहे : ‘आधी पासंग, मग औषध.’ घरी दर्शनाला याल तेव्हा मासे जरूर पाहा, आणि मंडळी जास्त झाली तर खिडकी तेवढी उघडा.

गणपती बाप्पा मोरया!