बाटली कुठून आली? दारूचा परवाना आणि जाब विचारायची पद्धत

आजचा भाग थोडा गावाकडचा आणि थोडा कागदपत्रांचा आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी पूर्ण मजकूर इथे देतोय. बोललो तसाच जवळपास ठेवलाय.

मी शहाद्याचा. बी.टेक. केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. गावी आलो की एक वाक्य हमखास कानावर येतं, "दारू बंद व्हायला पाहिजे." सगळे मान डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून आज प्रश्न जरा बदलून घेऊ. दारू असावी की नसावी, हा वाद बाजूला ठेवू. जो कायदा आज आहे, तो तरी पाळला जातोय का? आणि पाळला जात नसेल, तर जाब नेमका कोणाला आणि कसा विचारायचा?

आधी कायदा. महाराष्ट्रात दारूचा मूळ कायदा १९४९ चा आहे, आणि त्याचं नाव ऐकून हसाल: महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. म्हणजे कायद्याचा पाया बंदीचा आहे आणि विक्री हा परवानगीने मिळालेला अपवाद. बनवायला परवाना, वाहतुकीला पास, विकायला परवाना. इतकंच काय, पिणाऱ्याकडेही परवाना लागतो. सौम्य बिअरला वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, कडक दारूला २५. आता तुम्हीच आठवा, आपल्या भागात काउंटरवर कोणी वय विचारताना शेवटचं कधी पाहिलं?

गंमत बघा, हाच १९४९ चा कायदा १९६० मध्ये गुजरातच्याही वाट्याला आला. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. एकाच फलाटावर दोन राज्यं, मूळ कायदा एक. एका बाजूला परवान्याने विक्री, दुसऱ्या बाजूला बंदी. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड तोच, सेटिंग वेगळं. त्यामुळे नंदुरबार जिल्ह्यात दारूचा प्रश्न फक्त पिणाऱ्यांचा राहत नाही. हा सीमेचा जिल्हा आहे. पलीकडे बंदी म्हणजे अलीकडे चोरट्या मालाचा रस्ता.

आता शहाद्याचा इतिहास, कारण तो आपल्या वयाच्या पोरांना कोणी सांगत नाही. या पट्ट्यात दारू सोडण्याची हाक काही नवी नाही. १९३० च्या दशकात तळोद्याजवळच्या मोरवडला गुलाम महाराजांनी आदिवासींना दारू सोडायला सांगितलं आणि हजारो लोक त्यांच्यामागे गेले. मग १९७० च्या आसपास अंबरसिंग सुरतवंती यांनी जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न हाती घेतला. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. दुष्काळाचे दिवस होते. त्या संघटनेतल्या आदिवासी बायकांनी एक गोष्ट स्पष्ट मांडली: मजुरी वाढली तरी ती घरात येत नाही, गुत्त्यावर जाते, आणि घरी येतो तो मार. १९७२-७३ मध्ये या बायका गटागटाने गावोगाव गेल्या आणि गुत्त्यांवरची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत माफी मागायला लावली. देशातल्या स्त्री चळवळीच्या इतिहासात शहाद्याचं नाव यामुळे आहे.

पण नीट विचार करा. त्या वेळीही कायदा १९४९ चाच होता. गुत्ता बेकायदेशीरच होता. मडकं फोडायचं काम खरं तर सरकारी यंत्रणेचं होतं. ते बायकांना करावं लागलं, याचा अर्थ यंत्रणा तिथे नव्हती, किंवा होती पण बघत नव्हती. आणि मडकं फुटलं तरी पुढच्या आठवड्यात नवं येऊ शकतं. पन्नास वर्षांनंतर आपल्या हातात बायकांच्या त्या धाडसासोबत अजून काही हत्यारं आहेत. तीच आज सांगतो.

पहिलं हत्यार म्हणजे प्रश्न बरोबर विचारणं. गावात अवैध विक्री दोन प्रकारची असते. एक हातभट्टी. दुसरी म्हणजे ढाब्यावर, टपरीवर, कोणाच्या घरातून विकली जाणारी सीलबंद बाटली. छापा पडतो तेव्हा बातमी साधारण सारखीच असते: अमुक इतक्या बाटल्या जप्त, एकावर गुन्हा दाखल. कलम ६५ ई. माणूस जामिनावर सुटतो आणि धंदा पुन्हा सुरू. पण सीलबंद बाटली झाडाला लागत नाही. ती कारखान्यातून ठोक विक्रेत्याकडे, तिथून परवानाधारक दुकानात, तिथून खोक्याने टपरीवर येते. बाटलीवर बॅच नंबर असतो. प्रत्येक परवानाधारकाला आवक-जावकीची नोंद ठेवावी लागते. म्हणजे माग काढायचा म्हटलं तर निघतो.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: जप्त मालाचे बॅच नंबर पंचनाम्यात नोंदवले का? तो माल कोणत्या परवान्यावर उचलला होता? त्या परवान्यावर कलम ५४ खाली निलंबनाची किंवा रद्द करण्याची कारवाई झाली का? टपरीवाला दरवेळी बदलतो. परवाना मात्र वर्षानुवर्षं तोच राहतो आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण होतं. जाब तिथे विचारायचा असतो. आणि एकाच माणसावर वर्षात तीन-चार गुन्हे असतील, तर कलम ९३ खाली त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्यायचा प्रस्ताव पाठवला का, हेही विचारता येतं.

दुसरं हत्यार तुम्ही ऐकलं असेल: उभी बाटली, आडवी बाटली. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा नगरपालिकेच्या वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. पण यात एक मेख आहे. झालेल्या मतदानातलं बहुमत चालत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात.

हिशेब करून बघा. यादीत १,००० महिला. मतदानाला ६०० आल्या. त्यातल्या ४८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. म्हणजे आलेल्यांपैकी ८० टक्के. तरी दुकान चालूच राहणार, कारण ५०१ लागतात. घरी बसलेली प्रत्येक बाई नकळत उभ्या बाटलीला मत देते. आता हे आपल्या तालुक्याला लावा. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातकडे जातात. नाव यादीत, माणूस बाहेर. त्या महिन्यांत मतदान लागलं तर मोजणीआधीच निकाल लागला म्हणून समजा. म्हणून सह्या गोळा करण्याआधी दोन कामं करायची: मतदार यादी तपासून मयत आणि कायमची स्थलांतरित नावं कमी करायला रीतसर अर्ज द्यायचे, आणि लोक गावात असतील अशा काळात मतदान व्हावं म्हणून निवेदनातच लेखी मागणी करायची.

तिसरं हत्यार पेसा. १९९६ च्या या केंद्रीय कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन बंद करायचा किंवा त्यावर निर्बंध घालायचा अधिकार दिला. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. शहादा तालुक्यातली १४१ गावं अनुसूचित क्षेत्रात मोडतात. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर तर पूर्ण तालुकेच. सातपुड्यात देवाला, सणाला मोहाची दारू लागते, तिचं काय करायचं ते पाड्याने बसून ठरवावं, ते शहरातून कोणी शिकवायची गरज नाही. पण बाहेरून खोकी आणून होणारा धंदा वेगळा. त्याबद्दल ग्रामसभेचा ठराव असेल आणि तो तहसीलदार, पोलीस ठाणं आणि राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक या तिघांकडे पोचल्याचा शिक्का तुमच्याकडे असेल, तर "आम्हाला माहीत नव्हतं" हे उत्तर संपतं.

चौथं हत्यार दहा रुपयांचं. माहितीचा अधिकार, २००५. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो. असा लिहा:

"शहादा तालुक्यातील सर्व देशी दारू दुकाने, वाईन शॉप, बिअर शॉपी व परमिट रूम यांची यादी, परवाना क्रमांक व मंजूर पत्त्यासह मिळावी. मागील आर्थिक वर्षात प्रत्येक ठिकाणी झालेल्या तपासणीच्या तारखा, आढळलेले नियमभंग व केलेली कारवाई याची माहिती मिळावी. याच काळात तालुक्यात जप्त केलेल्या सीलबंद दारूचे बॅच क्रमांक व त्यावरून परवानाधारकावर झालेल्या कारवाईच्या प्रती मिळाव्यात."

हा अर्ज जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही की पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. तिथेही नाही जमलं तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं. एक काळजी घ्या. एकट्याने शूर होऊ नका. असाच अर्ज गावातल्या पाच-सात जणांनी आपापल्या नावाने टाका. मग कोणा एकाच्या दारात कोणी येत नाही. आणि फोटो काढायला रात्री ढाब्यावर जायची काही गरज नाही, तपासणीचा रेकॉर्ड त्यांच्याच कपाटात आहे.

आता खरा अडचणीचा मुद्दा. राज्य उत्पादन शुल्क खातं दारूवर कर गोळा करतं आणि दारूचे नियमही तेच राबवतं. वर्षाला २० हजार कोटींच्या वर महसूल तिथून येतो. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने शुल्क वाढवलं, तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटी जादा मिळण्याचा अंदाज सांगितला. म्हणजे ज्या खात्याला विक्रीतून उद्दिष्ट गाठायचं आहे, त्यालाच आपण सांगतो की नियम मोडणाऱ्याचं दुकान बंद कर. खात्यात प्रामाणिक अधिकारी आहेतच, पण रचनाच अशी असेल तर दबाव कोणत्या बाजूने येणार ते सांगायला नको.

नियम कागदावर कसे वाकतात याचं एक उदाहरण. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असं सांगितलं. कारण अपघात. दुकानं हलण्याऐवजी काही राज्यांनी रस्त्यांचाच दर्जा बदलायला घेतला. काल महामार्ग होता, आज गावातला रस्ता झाला. पुढे जुलै २०१७ मध्ये न्यायालयानेच नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना हा आदेश लागू नाही असं स्पष्ट केलं. आपलं शहादा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावरचं गाव. तेव्हा मूळ आदेशात जो धोका सांगितला होता, तो आपल्या दारावरून रोज जातो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. "दारू बंद करा" ही मागणी सरकारला ऐकायची सवय झाली आहे. तिला उत्तर म्हणून एक आश्वासन पुरतं. पण "या क्रमांकाच्या परवान्याची, या तारखेची तपासणी दाखवा" या मागणीला आश्वासन चालत नाही. तिथे कागद तरी द्यावा लागतो, नाहीतर कागद नाही हे लिहून तरी द्यावं लागतं. दोन्ही आपल्या उपयोगाचं.

तुम्ही दारू पिता की नाही, याच्याशी याचा संबंध नाही. पिणाऱ्यालाही बाटलीत काय आहे आणि ती कुठून आली हे कळायला हवंच. आणि ज्या घरात शुक्रवारच्या बाजाराचे पैसे गुरुवारीच संपतात, तिथल्या बाईला तर हे उत्तर आपण सगळेच देणं लागतो.

वरचा अर्ज कॉपी करा, तालुक्याचं नाव बदला, सही करून पाठवा. उत्तर आलं की आम्हाला कळवा, त्यावर एक वेगळा भाग करू. भेटू पुढच्या आठवड्यात.