रविवारचा रस्ता



माझे अब्बा सायकल दुरुस्तीचे दुकान चालवायचे. शाळेतून आलो की पंक्चर काढणे, छऱ्यांना ग्रीस लावणे, चाकाची आऊट काढणे ही कामे माझ्याकडे असत. हवा भरल्यावर अब्बा अंगठ्याने टायर दाबून पाहत आणि म्हणत, ‘‘पत्थर के जैसा होना.’’ दगडासारखे टणक झाले, तरच गिऱ्हाईक पुढे जायचे.

पन्नाशी उलटल्यावर हा धडा मला विसरावा लागला. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याची सायकल माझ्याकडे राहिली. तिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, पण टायर चांगले रुंद, 40 मिलिमीटरच्या आसपास. त्यात हवा मुद्दाम कमी ठेवायची. मग टायर खडीवर आदळत नाही, खडीला सामावून घेते. आत ट्यूब नसते, दुधासारखा एक द्रव असतो. बाभळीचा काटा घुसला तरी तो द्रव भोक बुजवतो. अब्बा असते तर म्हणाले असते, मग आपले दुकान चालायचे कसे!

आम्ही नाशिकचे. फजरची नमाज झाली की रविवारी मी पेठ रस्त्याने निघतो. रामशेजचा किल्ला मागे टाकायचा आणि दिंडोरीच्या शिवारात शिरायचे. डांबर संपते, मुरूम सुरू होतो. पाटाच्या कडेने, बांधांवरून, द्राक्षबागांच्या मधून तो रस्ता वरखाली होत जातो. मोटारीचा आवाज नाही. ऐकू येते ती टायरखालची बारीक करकर आणि पाटाचे पाणी. फेब्रुवारीत मांडवाखाली घड लोंबत असतात. आणखी पश्चिमेला गेले की बागा विरळ होतात, चढ लागतो आणि साग, मोह, ऐन यांचे जंगल येते. पळस पेटलेला असतो. उर्दू गझलेत अंगूर, साकी, मैखाना यांची रेलचेल असते. मी मद्य घेत नाही, पण त्या रस्त्यावर जी धुंदी चढते, तिला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

या वाटेवर माझ्या कॉलेजच्या वर्गमित्राची बाग आहे. मी त्याला नाना म्हणतो, तो मला कवी म्हणतो. दर रविवारी त्याच्याकडे चहा ठरलेला. त्याच्या ओट्यावर त्याचे वडील बसलेले असत. मी लांबूनच ‘‘राम राम, आबा’’ म्हणायचो. ते डावा हात वर करून उत्तर द्यायचे.

त्या रस्त्यावर मी एक कविता लिहिली. डांबराने या मातीचे तोंड काळे करू नका, असा तिचा आशय. त्यात डाव्या हाताने आशीर्वाद देणारा एक म्हातारा होता. उजव्या हाताने सारे जग आशीर्वाद देते, हा मात्र काळजाच्या बाजूच्या हाताने देतो, अशी माझी कल्पना. 2023 च्या हिवाळ्यात गावच्या वाचनालयात मी ती वाचली. शहरातून आलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नाना पहिल्या रांगेत होता. तो काही बोलला नाही.

पुढच्या रविवारी चहाआधी त्याने मला शेडमध्ये नेले. क्रेटमधला एक घड उचलून दाखवला. द्राक्षाच्या मण्यावर पांढुरकी लव असते, तिला हे लोक लस्टर म्हणतात. ती पुसली गेली की माल शिळा दिसतो आणि भाव पडतो. खड्ड्यांतून गाडी हिंदकळली की मणी एकमेकांवर घासतात, देठापासून गळतात. रस्त्याकडेच्या ओळींवर मुरमाची धूळ बसते ती वेगळीच. छाटणीपासून जपलेला माल शेवटच्या 3 किलोमीटरांत नासतो.

मी म्हणालो, ‘‘नाना, इटलीत बघ. चिआंती भागात असेच द्राक्षांचे डोंगर आहेत, मधून पांढऱ्या मातीचे रस्ते आहेत. ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून 1997 साली गायोले नावाच्या गावातून लोकांनी जुन्या सायकलींची एक फेरी काढली. पहिल्या वर्षी 92 जण होते. आज ‘लेरोईका’ या नावाने ती जगभर माहीत आहे. 2007 पासून त्या रस्त्यांवर व्यावसायिकांची शर्यतही होते.’’

नानाने शांतपणे विचारले, ‘‘तिथं पावसाळ्यात अँब्युलन्स येती का?’’

मला उत्तर देता आले नाही. मग त्याने सांगितले. 2022 च्या जुलैत आबांना पहाटे पक्षाघाताचा झटका आला. रस्त्याचा चिखल झालेला. अँब्युलन्स डांबर संपते तिथे थांबली. आबांना गादीसकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातले. ट्रॉली दोनदा रुतली. 3 किलोमीटरांना सव्वा तास लागला. आबा वाचले, उजवी बाजू गेली.

‘‘उजवा हात उचलत नाही त्यांचा,’’ नाना म्हणाला. ‘‘कवी, तू रविवारचा आहेस रे. आम्ही सातही वारांचे.’’

श्रोतेहो, त्या दिवशी मी सायकल हातात धरून ओट्यापर्यंत चालत गेलो. आबांनी नेहमीप्रमाणे डावा हात वर केला. मी तो दोन्ही हातांत घेतला. काय बोलावे ते सुचले नाही. ती कविता मी पुन्हा कुठे वाचलेली नाही.

नंतर त्या इटलीच्या रस्त्यांबद्दल मी नीट वाचले. तेव्हा माझी चूक कळली. ते रस्ते कच्चे आहेत, पण टाकून दिलेले नाहीत. ते पुन्हा पुन्हा सपाट केले जातात, त्यांवर खडी पसरली जाते. नानाला हे सांगितले, तर तो म्हणाला, ‘‘हे काय नवीन? मुरमाच्या रस्त्याला मध्ये उंचवटा पाहिजे, दोन्ही अंगाला चर पाहिजे, ओढ्यावर मोरी पाहिजे. पाणी थांबलं नाही की रस्ता टिकतो. वर रोलर फिरव, झालं.’’ आमच्या रस्त्याला यातले काहीच मिळाले नव्हते. ज्या शांततेवर मी भाळलो होतो, तिच्यातली बरीचशी शांतता कुणी तिकडे फिरकले नाही म्हणून होती.

2024 च्या उन्हाळ्यात गावापर्यंतचे ते 3 किलोमीटर डांबरी झाले. खोटे कशाला बोलू, पहिल्या रविवारी मला वाईट वाटले. मोटारसायकली आता सुसाट जातात, मला कडेला उतरावे लागते. टायरखालची करकर तिथे गेली ती गेलीच. पण शेडमधून निघालेली गाडी आता हिंदकळत नाही, आणि त्या वर्षी जुलैत नानाच्या घरात निश्चिंत झोप लागली.

गावापलीकडे पाटाची वाट आणि जंगलाचा चढ अजून मुरमाचा आहे. तो तसा राहावा, असे मला आजही वाटते. पण आता मी तसे म्हणण्याआधी विचारतो, या वाटेने जुलैत कोण जाते? शाळेची पोरे जातात का, बाळंतीण जाते का? जिथे कुणाचे घर त्या वाटेवर अवलंबून नाही, तिथे माती माती राहू द्यावी. पण तिचे चर काढावेत, मोऱ्या मोकळ्या ठेवाव्यात. याच तालुक्यात वाघाड धरणाचे पाणी शेतकरी आपल्या पाणीवापर संस्थांमार्फत स्वतः वाटून घेतात. ज्यांनी भांडणे मिटवून पाणी सांभाळले, त्यांना पाटाकडची एक वाट सांभाळणे अवघड नाही. गेल्या दिवाळीनंतर नाना आणि मी अर्धा दिवस कुदळ-फावडे घेऊन एक तुंबलेला चर मोकळा केला. माझ्या हाताला फोड आले. नाना म्हणाला, ‘‘ही तुझी बरी कविता.’’

अब्बा टायर दाबून पाहायचे ते रस्त्याशी झुंजायला. ही सायकल मला सांगते, थोडी हवा कमी कर. आमच्यासारख्या कविता लिहिणाऱ्यांनाही ते लागू असावे.

तुम्हीही कधी अशा मुरमाच्या वाटेने जरूर जा. ओट्यावर कुणी म्हातारा दिसला, तर नुसता हात हलवून पुढे जाऊ नका. दोन मिनिटे उतरा.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)