लायकावर परका फ्लॅश



डिजिटल रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून अंतर मोजत फोकस करायचा कॅमेरा, फार थोड्यांच्या हातात दिसतो. एप्सन कंपनीनं २००४ मध्ये आर-डी१ नावाचा या जातीचा पहिला डिजिटल कॅमेरा आणला. २००६ मध्ये जर्मनीच्या लायकाचा एम८ आला, २००९ मध्ये पूर्ण पस्तीस मिलिमीटर फ्रेमचा एम९, आणि पुढे एम१०, एम११ अशी ही मालिका चालू राहिली. नवा घ्यायचा तर किंमत लाखांत. म्हणून बरेच हौशी छायाचित्रकार जुना एम८ किंवा एम९ शोधतात. असा कॅमेरा घेणाऱ्याच्या कपाटात आधीच्या कॅमेऱ्याचा निकॉनचा, कॅननचा नाहीतर व्हिव्हिटारचा एखादा फ्लॅश बहुधा पडलेला असतो. लायकाचा नवा फ्लॅश घ्यायला मन होत नाही, आणि मग प्रश्न पडतो की हाच फ्लॅश या कॅमेऱ्यावर चालेल का? दुकानात विचारलं तर उत्तर मिळतं, ‘बसतो की!’ बसतो हे खरंच आहे. पण बसला म्हणजे चालला असं नव्हे, आणि चालवायचा झाला तर आपल्यालाही थोडं काम करावं लागतं. त्या कामाविषयी आज बोलायचं आहे.

कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅश सरकवायची जी धातूची खाच असते तिला हॉट शू म्हणतात. या खाचेची मापं आणि तिच्या मधोमध असलेल्या गोल बिंदूची जागा आंतरराष्ट्रीय मानकानं ठरवून दिली आहे. त्यामुळे निकॉनचा फ्लॅश लायकावर सरकतो आणि कॅननचाही सरकतो. मिनोल्टाच्या नंतरच्या आणि तिचा वारसा चालवणाऱ्या सोनीच्या जुन्या फ्लॅशचा पाय तेवढा निराळ्या घडणीचा; तो या खाचेत जातच नाही. शटर पूर्ण उघडलं की मधला बिंदू आणि खाचेची कड यांच्यातलं सर्किट जुळतं आणि फ्लॅश उडतो. दारावरची बेल कोणीही दाबली तरी वाजते, तसंच हे. एवढ्या कामाला ब्रँड लागत नाही.

ब्रँड लागतो तो बाजूच्या बारीक बिंदूंना. निकॉनला मधल्याखेरीज असे तीन बिंदू असतात, कॅननला चार, लायकाची रचना आणखी वेगळी. टीटीएलचा सगळा व्यवहार या बिंदूंवरून चालतो. टीटीएल म्हणजे लेन्समधून आत आलेला उजेड मोजून फ्लॅश किती द्यायचा ते कॅमेऱ्यानं ठरवणं. फिल्मच्या काळात, उदाहरणार्थ लायकाच्या १९९८ सालच्या एम६ टीटीएलमध्ये, फिल्मवरून परावर्तित होणारा उजेड फोटो घेतानाच मोजला जाई आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडला जाई. डिजिटल सेन्सरचा पृष्ठभाग त्या मोजणीला जमत नाही. म्हणून कॅमेरा आधी एक बारीक चमक सोडायला लावतो, ती मोजतो आणि मग खरा फ्लॅश किती जोराचा हवा ते सांगतो. हे सांगण्याची प्रत्येक कंपनीची पद्धत स्वतःची आहे. निकॉनच्या फ्लॅशला लायकाचं म्हणणं कळत नाही, लायकाला निकॉनचं कळत नाही. मेट्झ या जर्मन कंपनीनं पाय बदलता येणारे फ्लॅश काढले. लायकासाठी त्यांचा ३५०२ नंबरचा पाय होता आणि तो लावला की टीटीएल चालतं. गंमत अशी की लायकाच्या नावानं विकले गेलेले काही फ्लॅशही मुळात मेट्झच्या किंवा निस्सीनच्याच घडणीचे आहेत. पण लायकासाठीचा असा पाय नसेल, तर परक्या फ्लॅशकडून टीटीएलची आशा सोडलेली बरी. बाजूच्या पिना नको त्या बिंदूला टेकून कॅमेरा गोंधळतोय असं वाटलं, तर फक्त मधला बिंदू जोडणारा साधा अडॅप्टर मध्ये घालावा.

आता धोक्याचं. जुन्या फ्लॅशच्या मधल्या बिंदूवर किती व्होल्टेज आहे हे पाहिल्याशिवाय तो डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यात धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकत, त्यांना दोनशे व्होल्टही चालून जात. डिजिटल कॅमेऱ्यात त्या जागी नाजूक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. आयएसओ १०३३० हे मानक चोवीस व्होल्टची मर्यादा धरतं. व्हिव्हिटार २८३ हा जगभर खपलेला फ्लॅश घ्या. त्याच्या सुरुवातीच्या जपानी बनावटीच्या नगांवर दोनशेच्या वर व्होल्टेज आढळतं, नंतरच्या नगांवर दहाच्याही खाली. नाव तेच, चेहरा तोच. म्हणून मॉडेलच्या नावावर विसंबू नये, हातातला नगच मोजावा. मोजायचं कसं? फ्लॅशला ताजे सेल घाला, तयार असल्याचा दिवा लागू द्या. मल्टीमीटर डीसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवा. लाल टोक पायाच्या मधल्या बिंदूला, काळं टोक पायाच्या बाजूच्या धातूच्या कडेला. आकडा चोवीसच्या आत आला तर ठीक. जास्त आला तर मध्ये व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर लावा. वाइन कंपनीचा सेफ-सिंक हा त्यातला माहितीचा. नाहीतर कॅमेऱ्यावर रेडिओ ट्रिगर लावा आणि फ्लॅश दुसरीकडे, रिसीव्हरवर बसवा. मात्र तो रिसीव्हर तेवढं व्होल्टेज सोसणारा हवा. आणि काहीही झालं तरी फ्लॅश उघडून आत बोट घालू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि सेल काढले तरी ते बराच वेळ टिकून राहतात.

व्होल्टेज जमलं, आता शटरचा वेग. या कॅमेऱ्यांचं शटर दोन पडद्यांचं असतं. पहिला पडदा सरकून सेन्सर उघडा करतो, दुसरा येऊन झाकतो. वेग वाढवत नेला की पहिला पडदा पोचायच्या आत दुसरा निघतो आणि उरते ती सरकती फट. फ्लॅशची चमक क्षणार्धाची. ती फटीत सापडली तर फोटोचा एक पट्टा उजळतो आणि बाकीचा काळा राहतो. म्हणून संपूर्ण सेन्सर एकाच वेळी उघडा असेल असा सर्वांत जास्त वेग ठरलेला असतो. एम८ वर तो १/२५० सेकंद आहे, एम९ आणि त्यापुढच्या कॅमेऱ्यांवर १/१८०. शटरच्या डायलवर विजेची छोटी खूण असते, ती याच वेगाची. लायकाचा स्वतःचा फ्लॅश लावला की कॅमेरा त्याला ओळखतो आणि ऑटोमध्ये वेग आपणहून सांभाळतो. परका फ्लॅश त्याच्या गावीही नसतो. डायल ऑटोवर राहिली तर मंद उजेडाच्या हॉलमध्ये कॅमेरा अर्ध्या सेकंदाचा वेग धरील. मग चेहरा फ्लॅशनं उजळलेला आणि मागचं सगळं हललेलं, असा फोटो येतो. तेव्हा परका फ्लॅश लावला की आधी डायल विजेच्या खुणेवर आणायची. व्हाइट बॅलन्सही फ्लॅशवर ठेवायचा, कारण फ्लॅश लागलाय हेच कॅमेऱ्याला ठाऊक नसतं. एम८ ची आणखी एक खोड सांगतो. त्याच्या सेन्सरला इन्फ्रारेड उजेड जरा जास्तच दिसतो आणि फ्लॅशच्या चमकेत इन्फ्रारेड भरपूर असतो. त्यामुळे काळा सिंथेटिक कोट जांभळट येतो. लेन्सवर यूव्ही-आयआर फिल्टर लावला की तो पुन्हा काळा होतो.

उरला खरा प्रश्न: उजेड किती? इथं दोन वाटा आहेत.

पहिली वाट फ्लॅशच्या स्वतःच्या डोळ्याची. जुन्या चांगल्या फ्लॅशच्या पुढच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यात सेन्सर असतो. समोरून परत आलेला उजेड तो मोजतो आणि पुरे झाला की फ्लॅश तोडतो. याला ऑटो म्हणतात. व्हिव्हिटार २८३ मध्ये तो आहे, निकॉनच्या एसबी-८०० मध्येही आहे. मात्र त्याच निकॉनच्या एसबी-६०० मध्ये नाही, हे घेताना लक्षात ठेवावं. फ्लॅशला आयएसओ आणि अ‍ॅपर्चर सांगायचं, लेन्सवर तेच अ‍ॅपर्चर लावायचं, की झालं. कॅमेऱ्याशी काही बोलायची गरजच नाही. फ्लॅशचं डोकं छताकडे वळवलं तरी डोळा समोरच पाहत राहतो, त्यामुळे चुन्यानं रंगवलेल्या पांढऱ्या छतावरून उजेड उडवून घेता येतो. या डोळ्याला कधी कधी समोरचा माणूस फसवतो. पांढऱ्या शुभ्र धोतर-सदऱ्यातले आजोबा समोर असले की उजेड जास्त परत येतो, फ्लॅश लवकर तुटतो आणि फोटो काळवंडतो. अशा वेळी लेन्स एक स्टॉप उघडावी.

दुसरी वाट मॅन्युअलची, आणि रेंजफाइंडरवर मला ती जास्त आवडते. प्रत्येक फ्लॅशला गाइड नंबर असतो. गाइड नंबरला अंतरानं भागलं की अ‍ॅपर्चर मिळतं, एवढाच हिशेब. व्हिव्हिटार २८३ चा गाइड नंबर आयएसओ १०० ला मीटरमध्ये साधारण ३६. माणूस साडेचार मीटरवर असेल तर छत्तीस भागिले साडेचार, म्हणजे एफ ८. आयएसओ ४०० केला की गाइड नंबर दुप्पट, ७२ होतो. मग तेच एफ ८ नऊ मीटरला पुरतं.

एसएलआर कॅमेऱ्यावर हा हिशेब कंटाळवाणा वाटतो, कारण अंतर किती हे कोणी पाहत नाही. रेंजफाइंडरचं सगळं फोकसिंग अंतर मोजण्यावरच उभं आहे. व्ह्यूफाइंडरच्या मधल्या चौकटीत एकाच गोष्टीच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची रिंग फिरवली की त्या एकमेकींवर येतात, आणि त्याच क्षणी रिंगवरच्या आकड्यांपुढे अंतर तयार असतं. ते वाचायचं, भागाकार करायचा, अ‍ॅपर्चर लावायचं. लायकाच्या लेन्सवर फूट आणि मीटर असे आकड्यांचे दोन पट्टे असतात, वेगवेगळ्या रंगांत. फ्लॅशचा गाइड नंबर फुटांतला असेल तर फुटांचा पट्टा वाचायचा. छत्तीस मीटर म्हणजे जवळपास एकशेवीस फूट. दोन्ही मिसळले तर फोटो पार पांढरा नाहीतर पार काळा.

यात एक मेख आहे. झूम डोक्याच्या फ्लॅशचा गाइड नंबर झूमबरोबर बदलतो. एसबी-८०० चा पस्तीस मिलिमीटरला ३८ आहे आणि एकशेपाचला ५६. लायकावर कुठली लेन्स आहे हे त्या फ्लॅशला कळत नाही, म्हणून झूम हातानं लावायचं आणि त्याच झूमचा आकडा हिशेबात घ्यायचा.

फ्लॅशचा हिशेब हातानं करण्याच्या या पद्धतीला जुनी परंपरा आहे. अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या विल्क्स-बॅरे या कोळशाच्या खाणींच्या गावात छायाचित्रकार मार्क कोहेन हातात वाइड लेन्सचा कॅमेरा आणि छोटा फ्लॅश घेऊन फिरत. व्ह्यूफाइंडरला डोळाही न लावता अगदी जवळून फोटो घेत. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं त्यांचं प्रदर्शन भरवलं. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ब्रूस गिल्डन यांनी लायका आणि हातातला फ्लॅश घेऊन अनेक वर्षं काम केलं. अशा कामात अंतर जवळजवळ ठरलेलं असतं, म्हणून फ्लॅशचा जोरही एकदा ठरवून ठेवता येतो. लायकावरच काम करणारे विख्यात फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांना फ्लॅश अजिबात मान्य नव्हता, त्यामुळे लायका आणि फ्लॅश यांचं वाकडं आहे असा समज पसरला. पण रेंजफाइंडरमध्ये एक सोय अशी आहे जी एसएलआरमध्ये नाही. फोटोच्या क्षणी एसएलआरचा आरसा वर जातो आणि व्ह्यूफाइंडर अंधारतो. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नाही, तेव्हा फ्लॅश उडालेला आणि त्या चमकेत चेहरा कसा होता, डोळे मिटले का, हे आपल्याला त्याच क्षणी दिसतं.

अडचणी आहेतच. भर उन्हात सावली उजळायला फ्लॅश वापरायचा तर १/१८० चा वेग आड येतो. आयएसओ १६० ला उन्हासाठीच एफ १६ च्या आसपास जावं लागतं, आणि तिथं ३६ गाइड नंबरचा फ्लॅश जेमतेम पावणेतीन मीटर पोचतो. लांब हूडची लेन्स असेल तर तिची सावली फोटोच्या खालच्या भागात पडते. आणि एकवीस मिलिमीटरसारख्या वाइड लेन्ससाठी वेगळा फाइंडर लावला, तर तो त्याच हॉट शूवर बसतो. मग फ्लॅश केबलनं जोडायलाही जागा उरत नाही.

तेव्हा जुना फ्लॅश घ्यायला मुंबईच्या बोरा बाजारात जा नाहीतर आणखी कुठं, काउंटरवरच चार गोष्टी तपासा. मल्टीमीटर लावून व्होल्टेज. पुढच्या बाजूला ऑटोचा डोळा. मॅन्युअलमध्ये अर्धा, पाव, एक-अष्टमांश असा जोर कमी करायची सोय. आणि सेलचा कप्पा उघडून आत हिरवट गंज आहे का ते. या चारही गोष्टी ठीक असतील, तर फ्लॅशवर कुठल्या कंपनीचं नाव छापलंय याची काळजी करायचं कारण नाही.