ओढ्यातली गोगलगाय काय सांगते?



२०२२ च्या खरिपात मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. तेव्हा सल्ला मिळाला, गोगलगायी वेचा आणि मिठाच्या पाण्यात बुडवा. मीठ लागले की तिच्या अंगातले पाणी सुटते आणि ती मरते. कृष्णाकाठी आपण हाच प्रयोग ओढ्यातल्या गोगलगायीवर करतो आहोत, फक्त सावकाश.

गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते. पाणी आपोआप तिच्या अंगात शिरते. ती ते सतत बाहेर टाकते आणि लागणारा क्षार पाण्यातून टिपून घेते. ओढ्याचे पाणी खारट होत गेले की ही घडी विसकटते. खाणे कमी होते, वाढ खुंटते, अंडी कमी उबतात, पिल्ले आधी मरतात. मोठे शंख दगडाला चिकटलेले दिसतात म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण पिल्ले दिसेनाशी झाली, की तो वंश संपत आला समजा.

हे मीठ कुठून येते? हिशेब करू. पाण्याची क्षारता १ डेसीसायमन प्रति मीटर असेल, तर लिटरमागे सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतो. उसाला दोन इंचाची एक पाळी म्हणजे एकरी दोन लाख लिटर पाणी. त्याबरोबर सव्वाशे किलोवर क्षार रानात पडतो. ऊस पाणी पितो, क्षार बहुतेक मागेच ठेवतो. पाण्याची पातळी वर येते, रानावर मीठ फुटते. शिरोळ-वाळव्याकडे हे सांगायला नको.

मग आपण निचऱ्याचे पाइप घालतो. ते घातलेच पाहिजेत. पण पाइपाचे तोंड ओढ्यात उघडते आणि खालचा शेतकरी त्याच ओढ्यावर मोटर लावतो. आपल्या रानातून धुतलेले मीठ त्याच्या रानात जाते.

कोणी म्हणेल, गोगलगाय गेली तर बरेच, जनावरांच्या यकृतातले चपटे कृमी तिच्यामुळेच होतात. काही जातींबाबत हे खरे आहे. पण क्षार जात निवडून मारत नाही. शेवाळ आणि कुजका पाला खाणाऱ्या, मासे-पाखरांचे अन्न असलेल्या गोगलगायीही जातात.

म्हणून आमचे म्हणणे असे. आधी पाणी कमी करा : ठिबक, नाहीतर एकआड एक सरी. निचरा एकट्याच्या रानाचा नको, सगळ्या शिवाराचा मिळून आखा. उन्हाळ्यात ओढ्याचे पाणी निचऱ्याच्या तोंडाच्या वर आणि खाली तपासून घ्या. आणि सरकारकडे मागणी करा, की पाणी मोजून द्या आणि पट्टी मापावर घ्या. एकरावर पट्टी असली, तर वाचवणाऱ्याच्या पदरात काय पडते?

गोगलगाय नि पोटात पाय, अशी म्हण आहे. आपल्या पाटातला क्षारही तसाच. दिसत नाही, पण चालत राहतो. परत गेल्यावर ओढ्यात उतरा, दगड उलटून पिल्ले शोधा. सापडली नाहीत, तर पुढच्या बैठकीला पाण्याची बाटली भरून आणा.